खोक्याच्या पाठचे सहा स्क्रू

गिरगाव, मुंबई
ता. ८ मे १९६०

चि. मनमोहन,

अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत. बडोद्याचा उन्हाळा सोसतोय ना तुला? बेबी जूनपासून पहिलीत जाईल. लग्नाचं काय ठरवलंय, असं तुझ्या सरोजिनी वहिनीने विचारायला सांगितलंय. चार वर्षांत ज्याला एक पत्र टाकलं नाही, त्याला एकदम हे कसं विचारायचं, मला कळत नाही.

एक तारखेला राज्य झालं, चाळभर कंदील लागले. मला मात्र तुझा लाउडस्पीकरचा खोका आठवत होता. आईच्या झोपाळ्याची सागवानी फळी कापायला अप्पांनी किती जड मनाने परवानगी दिली होती! तू रंधा मारायचास, मी नुसता फळी धरून शहाणपण शिकवायचो. मग अप्पांच्या जुन्या धोतराच्या बोळ्याने लाखेचं पॉलिश. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही, त्यामुळे पंधरा दिवस घरात स्पिरिटचा वास. वरणालासुद्धा येतो म्हणून सरोजिनी करवादायची. आणि तुझं ते स्क्रूंचं वेड. पाठच्या सहाही स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत हव्यात. पाठ कोण बघतंय, असं मी म्हटलं, तर तू म्हणालास, "मी बघतो ना."

फार सुखाचे दिवस होते रे.

मग चौकातली संयुक्त महाराष्ट्राची ती सभा. खोका आपल्या गॅलरीत, वक्ते उभे राहिले आणि आवाजच नाही. लोक हसले. अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "तिची फळी फुकट घालवलीस." आठवड्याभरात तू घर सोडलंस.

मनू, तार मी काढली होती. मी सरकारी कचेरीतला कारकून, पदरात दोन वर्षांची पोर. खाली साध्या कपड्यांतले पोलीस नावं टिपत होते आणि सभेचा आवाज माझ्या गॅलरीतून निघणार होता. मी भ्यालो. तू चहाला गेलास तेवढ्यात पाठ उघडली, तार सोडवली आणि घाईत स्क्रू कसेतरी पिळले. अप्पा तुला बोलत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

त्यानंतर खोक्यावर चादर पडली ती पडलीच. परवा अप्पांनीच विचारलं, हा दुरुस्त होईल का रे? म्हणून काल, ते झोपल्यावर, तार गुपचूप जोडून टाकायला बसलो. चादर काढली. सहाही खाचा उभ्या, एका रेषेत. आत तार कथिलाने झाळून पक्की केलेली. रेडिओला जोडला, तर खणखणीत वाजला.

म्हणजे जाण्याआधी तू तो उघडला होतास. वाकड्या खाचा बघूनच तुला कळलं असणार, हे काम कोणाचं. तरी अप्पांपुढे माझं नाव घेतलं नाहीस.

रेडिओच्या आवाजाने अप्पा उठून आले. मी सगळं सांगून टाकलं. ते खोक्यावरून हात फिरवत बसले. माझ्याशी अजून बोलत नाहीत. पाठ बसवताना पाच स्क्रू झाले, तेव्हा सहावा त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. एवढंच म्हणाले, "हा मनू येऊन लावेल."

तो त्यांच्या तपकिरीच्या डबीत आहे. सकाळपासून चारदा उघडून बघितलाय.

थोरला म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
कमलाकांत