दमणला चालते, बांद्याला नाही

बाबा, मुंबईत बंदुकीचं एखादं चांगलं दुकान शोध, असं तू मला सांगितलंस त्याला आता इतकी वर्षं झाली, की तेव्हाचं तुझं वय मी केव्हाच ओलांडलं आहे. तू गेल्यावर तुझ्याविषयी मी चार ठिकाणी बोलले. तुझी शेती, तुझं नाटकवेड, देवळातला तुझा पखवाज, सगळं सांगितलं. बंदुकीविषयी मात्र कुठेच बोलले नाही. ती गोष्ट व्यासपीठावरून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते आहे.

पेडण्यातल्या हळर्णच्या घरामागच्या पडवीत तू बसला आहेस. मांडीवर आजोबांच्या वेळची एकनळी आहे आणि खोबरेलाच्या बोळ्याने तू ती पुसतो आहेस. घोडा वर ओढला की टिकत नाही, जरा धक्का लागला तरी पडतो. भरलेली असताना पडला तर कुणाचा तरी पाय जायचा, म्हणून आईने तुला ती शेतात न्यायची मनाई केली आहे. वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भात पोटरीला आलेलं, आणि नदीच्या अंगाने रानडुकरं रोज उतरतात. एका रात्रीत भाताचा अख्खा कुणगा लोळवतात. म्हापशाच्या मिस्त्रीने हात वर केले होते. चहात उंडो पाव बुडवत तू म्हणालास, "बाय, तू मुंबयक भाषणां करूक जातंस मगे? थंय एक बरें दुकान पळय गो. तुजी वळख आसा."

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. गोव्याचं घटक राज्य व्हायचं होतं आणि राज्याची भाषा कोणती यावरून गावंच्या गावं तापली होती. मी मराठीच्या बाजूने बोलत फिरत होते, डिचोलीपासून मुंबईपर्यंत. मुंबईतली सभा आटोपली की दुसऱ्या दिवशी तुझ्या बंदुकीसाठी दुकानं पालथी घालायची, असं ठरवून गेले. एवढ्या मोठ्या शहरात बंदुकीचं दुकान कुठे असतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पानवाल्याला विचारलं तर तो माझ्या खांद्यावरच्या शबनमकडे बघून म्हणाला, "ताई, नवऱ्याशी भांडण झालंय का?" शेवटी फोर्टात, मग क्रॉफर्ड मार्केटच्या मागे, एकेक सापडत गेलं. लोखंडी जाळीची दारं, भिंतीवर पेंढा भरलेली सांबराची डोकी, काचेच्या कपाटात पितळी काडतुसं. एका ठिकाणी माझं ऐकूनही घेतलं नाही, नव्या दुनळ्याच दाखवत राहिले. दुसऱ्या ठिकाणी कोचावर बसवलं, थंडगार सरबत दिलं. मालक म्हणाला, "घेऊन या, मॅडम. सगळं होऊन जाईल." काहीच विचारलं नाही त्याने.

तिसरं दुकान एका गल्लीच्या टोकाला होतं. काउंटरमागे एक म्हातारे गृहस्थ भिंग लावून कसलीशी कमान घासत होते. मी बंदुकीचं दुखणं सांगितलं. ते म्हणाले, "काम होईल. लायसन कुठलं?"

"गोव्याचं."

"गोव्यापुरतंच ना? मग परवानगी काढल्याशिवाय इथे आणू नका. हद्दीबाहेर आणलीत तर जप्त होईल."

आदल्या दिवशीच्या सभेची ऊब माझ्या अंगात अजून होती. गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात हद्द कुठली, ती सायबाने आणि फिरंग्याने मारलेली रेघ, असं मी त्यांना चांगलं ऐकवलं. त्यांनी भिंग काढलं, शांतपणे म्हणाले, "बाई, बोलता छान. पण परवानगी काढा." मी तणतणत बाहेर पडले. आणि घरी येऊन तुला सांगितलं की सरबतवाल्याचं दुकान चांगलं आहे.

तू तुझं लायसन काढून माझ्यापुढे धरलंस. "हांगा गोंय, दमण आनी दीव म्हूण बरयलां न्हय?" हद्दीबाहेर ती चालत नाही हे तुला ठाऊक होतं, बाबा. दमण कुठे आहे हे तू कधी पाहिलं नव्हतंस, तरी तुझी बंदूक तिथे चालत होती, आणि तुझी सख्खी बहीण नांदत होती त्या बांद्याला, पेडण्याच्या पलीकडे महाराष्ट्रात, दोन हाकांवर, ती चालत नव्हती. मी यावर हसले. म्हणाले, हे कारकुनांचे खेळ आहेत. तू म्हणालास, "पणजे वचून परमिट काडूया गो, धा दीस लागतले." मी म्हणाले, "आपल्याच मुलखात जायला परमिट? तोवर भात डुकरांना घालायचं?" मुलीपुढे तू कधी वाद घातला नाहीस. चार बुकं शिकलेल्या मुलीपुढे तर नाहीच.

आणि आपण दोघंही एक गोष्ट विसरलो, जी पेडण्यातलं पोरदेखील विसरत नाही. गोव्याहून सुटलेली बस बांद्याच्या नाक्यावर दारूसाठी तपासतात.

संध्याकाळचं ऊन मुंबईच्या बसच्या खिडक्यांतून तिरपं आत येतं आहे, आणि तुझ्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली बंदूक आहे. शिपाई एकेक पिशवी काठीने टोचतो आहे. मागून कुणीतरी ओरडतो, "अरे फेणी आसा तर आत्ताच पिऊन टाका, बाटली रिकामी झाली काय गुन्हो ना!" बस हसते. शिपायाची काठी तुझ्या गोणपाटाला लागते आणि खण्णकन वाजते. तो तुला खाली उतरवून जमादारापुढे नेतो, मी मागोमाग येते. जमादार पन्नाशीचा, सावंतवाडीकडचा असावा. त्याने लायसन वाचलं, तुझ्या पायांकडे, चिखलाने फुटलेल्या टाचांकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "आजोबानू, समोरसून पेडण्याची गाडी येतली. ह्यां घेऊन गप घराक जावा. मी काय एक बघूक नाय." तू हात जोडलेस. "देव बरें करूं," म्हणालास आणि गोणपाट उचलायला वाकलास.

मी म्हणाले, "थांब बाबा. परत कशाला जायचं?"

आणि मी बोलायला लागले. भाषा एक, देव एक, सोयरीक एक. याच गावात यांची बहीण आहे, बहिणीच्या दारात भाऊ चोर कसा ठरतो? जमादार पुटपुटला, "बाई, गप रवा. तुमच्या बापाशीचा भला करतंय मी." पण बसमधली माणसं उतरली होती, चहाच्या टपरीवरची आली होती. कुणी घोषणा दिली. गर्दी बघून आतून मोठा साहेब बाहेर आला, आणि मग जमादाराच्या हातात काही उरलं नाही. पंचनामा झाला.

खटला लांबला. लायसनचं नूतनीकरण झालं नाही, आणि बंदूक सुटली ती पेडण्याच्या पोलिसांच्या कोठीत जाण्यापुरती. दसऱ्याला तू झेंडूची फुलं घेऊन तिथे गेलास, पूजेपुरती बाहेर काढा म्हणालास. किल्ली साहेबाकडे होती. फुलं तशीच घेऊन परत आलास आणि आईने ती कोयत्याला वाहिली. त्या वायंगणाचं भात घरी आलंच नाही. पुढे काही वर्षं तू डबा बडवत राखण केलीस, मग खालचा मळा पडीक टाकलास. मला एकदाच बोललास, तेही हसत. "भाषण बरें केलंस गो. फकत जागो चुकलो."

तू रागावला असतास तर मी भांडले असते, आणि भांडून मोकळी झाले असते. ते तू होऊ दिलं नाहीस. ती रेघ खोटी आहे असं मला अजूनही वाटतं. पण रेघ खोटी असली तरी मळा तुझा होता, माझा नव्हता.

हे पत्र पाठवायचं ठिकाण नाही. असतं तरी पाठवलं नसतं, कारण मग पुढचं लिहिता आलं नसतं. मी बोलत होते तेव्हा तू साहेबापुढे हात जोडून उभा होतास आणि मान हलवून मला नको नको म्हणत होतास. ते मला दिसत होतं, बाबा. पण टाळ्या पडत होत्या, आणि मला त्या आवडत होत्या.