चेअरमनच्या टेबलाचे वार्निश

लिहून ठेवणार: माणिक सिदू ओव्हाळ, वय ७१, सहकारी साखर कारखान्यातला निवृत्त काटा-कारकून, राहणार धारूर, जिल्हा बीड.

माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र मी शुद्धीत, कोणाच्याही भरीस न पडता करून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्याच्या आणखी दोन झेरॉक्स आहेत, कुठे ते सांगणार नाही. एकतीस वर्षे मी उसाच्या गाड्या तोलल्या. उसाखाली धोंडे घालणारे पाहिले, काट्यावर हळूच पाय ठेवणारे पाहिले. शंका घेणे ही माझी नोकरी होती. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

कलम १. राहते घर मुलगा मिलिंद व मुलगी अंजना यांना निम्मे-निम्मे. शेजाऱ्याने पश्चिमेची भिंत बांधताना चार बोटे आत सरकवली असा माझा संशय आहे. वाटणीआधी टेप लावावा.

कलम २. बँकेतली शिल्लक दोघांना सारखी. जावई राधाकिशन यांनी "मामा, पासबुक कुठं ठिवता?" असे दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी जागा बदलली. आता ते पिठाच्या डब्यामागे आहे.

कलम ३. निरोप समारंभात मिळालेले पाच किलोचे लोखंडी वजन मिलिंदला. त्याने बाजारात शंका घ्यावी, घरात घेऊ नये. सून लई गुणी आहे, हे तिला मी कधी बोललो नाही.

कलम ४. (मंगळवारी लिहिले, आज खोडले. वाचता यावे म्हणून एकच रेघ मारली आहे. बाजूला माझी सही.) "भिंतीवरची गिटार माझी नाही. माझी गिटार उत्तरेश्वर पांचाळ याने १९८७ साली बदलली. ती शोधून अंजनाला द्यावी. उत्तरेश्वरला माझ्या मातीला येऊ देऊ नये."

कलम ५. हे का लिहिले आणि का खोडले, ते असे.

ही गिटार मी १९८० साली औरंगाबादेत जुनी घेतली. रंग उडालेला, पण तार छेडली की फळीवरची भांडी बोलत. बायको जाई चुलीपुढून म्हणायची, "आवं, वाजवा की, भाकर फुगंना झालीय." १९८५ च्या उन्हाळ्यात जाई गेली. तिने ऐकलेली म्हणून ती गिटार मी कोणाला हात लावू देत नव्हतो.

सत्त्याऐंशीच्या जयंतीला आमच्या गायन पार्टीचा कार्यक्रम ठरला. स्टेजवर कळकट गिटार कशी न्यायची? उत्तरेश्वर माझा जिवलग, कारखान्याच्या फर्निचरला पॉलिश करणारा. त्याला म्हणालो, "चेअरमनच्या टेबलावानी चमकली पायजे बघ."

चमकली. तोंड दिसत होते तिच्यात. पण स्टेजवर वाजवली तर आवाज बसलेला, बद्द. पब्लिकमधून एकजण ओरडला, "डबा वाजवतो का बे?" त्याच महिन्यात चेअरमनच्या पुतण्याकडे तशीच गिटार आली होती. मी दोन्हींचा मेळ घातला आणि तिथेच माईकवर बोललो, "उत्तरेश्वरनं माझी गिटार बदलली." तो खालून हात जोडून सांगत होता, "तीच हाय रे." मी म्हटले, रंग लावून कुठे आवाज बदलतो का? त्यानंतर लोक त्याच्याकडे पॉलिशला खुर्चीसुद्धा टाकेनात. मी ती गिटार भिंतीकडे तोंड करून टांगली. सदतीस वर्षे.

आज वकीलबाई म्हणाल्या, "वस्तूची ओळखीची खूण लिहा." खूण आवाजाची, ती कशी लिहिणार? मग अंजनाने गिटारीच्या भोकातून आरसा आत घातला, मोबाईलची बॅटरी लावली. वरच्या फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहिले होते: जाइ.

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाई नाव लिहायला शिकली, तेव्हा दिसेल तिथे लिहायची. पिठाच्या डब्यावर अजून आहे, तीच ऱ्हस्व इ. मला आधी अंजनाचाच संशय आला. तिच्याकडून कागदावर आईचे नाव लिहून घेतले. ती मास्तरीण, तिची ई दीर्घच आली. आणि पॉलिश झाले तेव्हा जाईला जाऊन दोन वर्षे झाली होती. म्हणजे गिटार तीच. जाईचे नाव पोटात घेऊन ती माझ्याच भिंतीवर होती आणि मी तिला परकी म्हणत राहिलो. मी मूर्ख आहे, आणि हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो.

उत्तरेश्वरला निरोप धाडला. वाटले, यायचा नाही. काठी टेकत आला.

"मग आवाज काहून गेला रे?" मी विचारले.

"इचारलंस का तवा? दुष्काळात ऊस न्हाई, कारखाना बंद. चपडा लाखेच्या पातळ पालिशला मळीचं स्पिरिट लागतं, ते कुठं भेटना. चेअरमनच्या टेबलाचं वार्निश उरलतं, त्येचे तीन हात मारले. पातळ फळी हालती तवा बोलती. तिच्यावर एवढा थर चढल्यावर काय बोलंल? टेबलाला कुठं गानं म्हनायचं असतंय!"

"सांगायचं न्हाई का मग?"

"माईक तुझ्याकडं व्हता, माणक्या."

कलम ६. गिटार अंजनाला. वार्निश काढायचे तर फक्त उत्तरेश्वरने काढावे. तो म्हणतो, खरवडताना लाकूडही जाईल, आवाज मागचा येईलच असे नाही. चालेल. आतल्या अंगाला मात्र कोणी हात लावू नये.

कलम ७. कलम ५ येत्या जयंतीला त्याच स्टेजवर, माईकवर, मी स्वतः वाचीन. तोवर नसलो तर अंजनाने वाचावे.

कलम ८. ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असे वकीलबाई सांगतात. म्हणून उत्तरेश्वर पांचाळ यास मी काहीही देत नाही. मला त्याचीच साक्ष पाहिजे.

लिहून ठेवणार: माणिक सिदू ओव्हाळ (सही)

साक्षीदार १: केशरबाई, शेजारीण, निवृत्त अंगणवाडी सेविका (सही)

साक्षीदार २: उत्तरेश्वर गंगाराम पांचाळ, पॉलिश कारागीर (सही; खाली त्यांच्याच हाताने: "गिटार तीच हाय.")

धारूर, ९ मे २०२४