पेडलखालचा बोल्ट आणि इतर मिळकत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे सत्तर पूर्ण, तंत्रशाळेच्या लेथ-विभागातील निवृत्त शिक्षिका, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि कोणी गोड बोलून भरीस घातलेले नसताना लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगम मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. याआधी मी असा कागद केलेला नाही.

इथपर्यंत वकीलबाईंनी सांगितलं तसं उतरवलं. पुढचं माझं आहे. त्यांनी त्यातली स्पेलिंगं सुधारावीत, माणसं सुधारायला जाऊ नये.

हा कागद आत्ताच का, तर माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. शेजारचे डॉक्टर मला अर्धा तास चित्र काढून समजावत होते. शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टर, व्हॉल्व्ह लीक आहे एवढंच सांगा की, कळतं मला." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसले. कधीपर्यंत चालेल, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

कलम १. राहतं घर, खालचं गॅरेज आणि बँकेत जे असेल ते माझ्या एकुलत्या लेकीला. तिला गाड्यांचा भारी कंटाळा. लहानपणी तिच्या शाळेच्या डब्याला ग्रीसचा वास यायचा, ते तिने अजून माफ केलेलं नाही, आणि तिचं बरोबरच आहे. गॅरेजच्या फरशीवरचा मोठा डाग घासायच्या भानगडीत तिने पडू नये. मी दोनदा पडले, निघत नाही.

कलम २. माझा लेथ, त्याच्या सगळ्या हत्यारांसकट, तंत्रशाळेला. अट एकच: तो काचेच्या कपाटाशेजारी शोभेला ठेवायचा नाही. पोरापोरींनी त्यावर लोखंड कापायचं, चुकायचं, परत कापायचं. मायक्रोमीटर मात्र सांभाळून वापरावा. तो आमच्या ह्यांनी लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला दिलेला आहे. बाकीच्या बायकांना काय काय मिळालं ते ऐकून मी मनातल्या मनात ह्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले होते. जाऊन सहा वर्षं झाली ह्यांना, अजून दिलेलेच आहेत.

कलम ३. कोपऱ्यावरच्या वेल्डरला, मी जोडलेल्या चौकोनी पाइपचा एक सांधा द्यावा. गॅरेजच्या खिडकीत आहे. बारा वर्षांपूर्वी मी गाडीचा सांगाडा जोडायला घेतला तेव्हा हे महाशय दारात उभे राहून म्हणाले होते, "बाई, स्वयंपाकघरातली भांडी नाहीत ही, उकलेल." तर त्यांनी तो सांधा घ्यावा, वाटेल तो हातोडा घ्यावा आणि उकलून दाखवावा. माझा यात काहीही राग नाही. थोडा आहे.

कलम ४. आता गाडी.

गाडी दोन माणसांची, कमरेएवढी उंच, वजन पाचशे साठ किलो. सांगाडा माझ्या हातचा. इंजिन एका भंगारात निघालेल्या घरगुती गाडीचं, तेराशे सीसीचं, ते पुढून काढून सीटच्या मागे बसवलं. वरचं कवच फायबरचं, त्याला अकरा महिने लागले, कारण पहिलं कवच साच्यातून निघालंच नाही. ही गाडी मी एकटीने बांधली असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. ती मी आणि माझी धाकटी जाऊ, अशा दोघींनी बांधली. मी जोडायची, ती बसून सांगायची.

ही धाकटी औषधांच्या गोदामाची व्हॅन चालवते. लग्न होऊन घरात आली त्याच वर्षी एकदा तिने ती व्हॅन आमच्या बोळातून उलटी आणली. दोन्ही बाजूंना हात घालायला जागा नाही, मध्ये एक सायकल आडवी, आणि बाई एका दमात, ब्रेकला पाय न लावता, मागे बघत बघत दारात येऊन थांबली. वर मला विचारते, "जाऊबाई, दूध आणायचंय का येताना?" मी हातातलं पातेलं घेऊन तशीच उभी. हिला एक धड गाडी मिळाली तर काय होईल, हे त्याच दिवशी माझ्या डोक्यात शिरलं. निवृत्तीनंतर पुरतं बाहेर आलं.

शहराबाहेर विमानांची जुनी धावपट्टी आहे. तिच्यावर ट्रॅक आखलाय. रविवारी सकाळी हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन येतात. शर्यत नसते, एकेकाने सुटायचं आणि घड्याळाशी भांडायचं. साठ सेकंदांच्या आत फेरी मारणाऱ्याचं नाव क्लबाच्या भिंतीवर रंगवतात.

त्या ट्रॅकवर धाकटीने गाडी कशी चालवली, हे लिहायला मला शब्द सापडत नाहीत, पण लिहून ठेवलंच पाहिजे. दुसऱ्या वर्षी मी तिच्या शेजारी बसले. शेवटचं डावं वळण आलं. प्रत्येक जण तिथे पाय काढतो, इंजिनाचा आवाज पडतो, मग परत चढतो. मी पट्टा धरून बसले आणि आवाज पडायची वाट बघत राहिले. तो पडलाच नाही. गाडी हळूच मागून सरकली, धाकटीने चाक बोटभर उलटं दिलं आणि आम्ही वळणाच्या पार झालो. मी लोखंडात सगळा जन्म घालवला. लोखंड इतकं हलकं होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. खाली उतरलो, तर ही बया हेल्मेट काढून म्हणते, "पुढच्या उजव्या टायरात हवा कमी वाटतेय." मी गेज लावला. एक पौंड कमी होती! एक पौंड! मी तिच्याकडे बघतच राहिले. आजही बघते.

तरीही अकरा वर्षांत तिची फेरी साठच्या आत आली नाही. साठ पूर्णांक चार, साठ पूर्णांक तीन, एकदा साठ पूर्णांक एक. मी कार्बुरेटरचे जेट बदलले, ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं, मागच्या चाकांचा कल अर्धा अंश कमी केला. ती म्हणायची, "गाडीत काही खोट नाही, जाऊबाई. सरळ रस्त्यावर माझा धीर सुटत असणार. मीच भित्री आहे." यंदा म्हणाली, "हा मोसम शेवटचा. उगाच पेट्रोल जाळायचं."

म्हणून हे कलम.

कलम ५. अॅक्सिलरेटरच्या पेडलखाली, पत्र्याच्या फरशीत, आठ मिलिमीटरचा एक बोल्ट उभा आहे. तो प्रत्येक अशा गाडीत असतो. जोरात दाबल्यावर केबल तुटू नये म्हणून पेडल तिथे अडतं. धाकटीलाही मी तेच सांगितलं होतं. पण आमच्या गाडीतला बोल्ट मी मुद्दाम उंच ठेवला होता. पेडल पुरतं दाबलंय असं वाटायचं, आणि इंजिनाचं तोंड पाऊणच उघडायचं.

पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी माझा दीर आला होता. भला माणूस. चहा घेतला नाही, बसला नाही. म्हणाला, "वहिनी, तिला अडवा असं मी म्हणणार नाही. पण रोज संध्याकाळी ती दारातून आत येताना मला बघायचीय. एवढं बघा." त्याने बोल्टाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तो दोष त्याच्या माथी मारू नये. तो गेल्यावर मीच पाना घेतला.

एक मोसम ठेवू म्हटलं. मग दुसरा. मग सांगायचं कसं, हा प्रश्न पडला. जिला एक पौंड हवा कळते तिला हे का कळलं नाही, तर पूर्ण दाबलेली ही गाडी तिने कधी चालवलीच नव्हती. आणि माझ्यावर शंका घ्यायचं तिच्या मनात आलं नाही. सरळ रस्त्यावर जे मी चोरलं, ते ती वळणांवर भरून काढत होती, आणि मी तोंडात बोट घालून तिचं कौतुक करत होते. आमच्या दोघींत भित्री कोण होतं ते इथे स्पष्ट लिहून ठेवते. मी होते.

सबब, सदर गाडी माझ्या पश्चात माझ्या धाकट्या जावेला मिळावी, आणि तिने तेरा नंबरच्या पान्याने तो बोल्ट स्वतःच्या हाताने खाली घ्यावा.

असा मसुदा मी वकीलबाईंकडे नेला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे तुम्ही मेल्यावर सांगणार? मग तिने भांडायचं कोणाशी, तुमच्या फोटोशी?"

मला रात्रभर झोप लागली नाही. पुढच्या रविवारी ट्रॅकवर मी कागद तिच्या हातात ठेवला. बॉनेटला टेकून तिने तो वाचला, दोनदा वाचला. मला वाटलं ओरडेल. तिने डब्यातून पाना घेतला, आडवी होऊन पेडलखाली हात घातला, बोल्ट खाली घेतला आणि पट्टे बांधले.

मी ती फेरी कुंपणापाशी उभी राहून पाहिली. सरळ रस्त्यावर माझ्या स्वतःच्या इंजिनाचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मी ते बांधलं होतं, आणि मला ते माहीतच नव्हतं. शेवटच्या वळणाला ती नेहमीपेक्षा कितीतरी जोरात आली, आणि तिने तेच केलं, चाक बोटभर उलटं, बस्स. अठ्ठावन्न पूर्णांक सात. घड्याळवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला. कोणीतरी रंगाचा डबा आणायला पळालं. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

ती उतरली. तिने नाव रंगवू दिलं नाही. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "सगळ्यांना सांगत फिरले मी, जाऊबाई. पोरांनासुद्धा. तुमची आई भित्री आहे म्हणून." आणि व्हॅन घेऊन निघून गेली.

नऊ दिवस तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मीही फोन केला नाही. काय तोंडाने करणार?

कलम ६. आज मंगळवार. सह्यांसाठी माझ्या जेवणाच्या टेबलाशी वकीलबाई, त्यांचा कारकून आणि डॉक्टर असे जमले असता धाकटी न बोलावता आली. आल्या आल्या तिने विचारलं, "साक्षीदार कोण?"

"डॉक्टर आणि आमचा कारकून," वकीलबाई म्हणाल्या.

"कारकुनाला उठवा. मी सही करते."

वकीलबाईंनी तिला नीट समजावलं. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. सही केलीत की गाडी गेली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "हा कागद उघडेल तेव्हा ह्या नसतील. लोक म्हणतील म्हातारीला भ्रम झाला होता, काहीबाही लिहिलं. आणि मला गाडी मिळाली तर म्हणतील, गाडीसाठी हिनेच लिहून घेतलं. मला गाडी नको. हे खरं आहे, ते माझ्या सहीने राहू दे."

मी म्हटलं, "अगं, मग आत्ताच घे. जिवंतपणी नावावर करते." गाडी नावावर करायचा फॉर्म मी भरूनच ठेवला होता. तो तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत माझ्यापुढे सरकवला.

"नऊ दिवस झालेत फक्त," ती म्हणाली. "अकरा वर्षांचं आहे हे, जाऊबाई. वेळ लागेल मला. तुम्हाला एवढी घाई कसली झालीय मरायची?"

डॉक्टर खोकले. मी फॉर्म घडी करून बाजूला ठेवला.

तरी कलम ५ मधील मिळकतीचा भाग याद्वारे रद्द करते. कबुलीचा भाग अक्षरशः कायम ठेवते. गाडी कोणाची, हे आम्ही दोघी जिवंत असताना ठरवू. तेवढा वेळ मला मिळवावा लागेल, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या उद्यापासून घेईन. हे मी डॉक्टरांसमोर लिहीत आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

स्थळ: राहत्या घरातील जेवणाचे टेबल
वार व दिनांक: मंगळवार, १४ तारीख, दुपारी चार

सही: लिहून ठेवणारी, थोरली जाऊ

साक्षीदार पहिले: शेजारचे डॉक्टर. "बाईंनी माझ्यासमोर सही केली. बुद्धी शाबूत, नाडी थोडी जलद. गोळ्यांचे वाचले, लक्ष ठेवीन."

साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ. "माझ्यासमोर सही केली. सगळी कलमं वाचली. खरी आहेत. गाडीवरचा हक्क सोडते. जाऊबाईंवरचा सोडत नाही."