इनामदारी चव

सोलापूर,
२० जानेवारी २०२५

चि. दिपक यास,
जय भीम.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडीने आईचे गुडघे धरले आहेत, एवढेच. इथला खाद्यमहोत्सव कसा वाटला, असे तू काल फोनवर विचारलेस. तुला ते खरोखर जाणून घ्यायचे नव्हते, हे माझ्या लक्षात आले. पण विचारले आहेस, तेव्हा नीट उत्तर देते. अन्नशास्त्र शिकवणाऱ्या बाईला अर्धवट उत्तर देता येत नाही.

मैदानाची आखणी उत्तम होती. कडक भाकरीचा विभाग प्रवेशद्वाराशीच ठेवला, हे मला फार आवडले. भाकरी हातात पडली की माणूस तोंडी लावायला कोरड्यास शोधत आपोआप आत जातो. पलीकडे आगटीत हुरडा भाजत होते. मंचावर हलगी वाजत होती आणि वादक मधूनमधून ती विस्तवावर शेकत होते. गारठ्याने कातडे सैल पडते, शेकले की ताणते आणि आवाज चढतो, हे मी आईला समजावून सांगितले. ती म्हणाली, तुझा बा हलगीच वाजवायचा, त्याला हे ठाऊक होते, आता गप ऐक.

इथवर सगळे छान होते.

गर्दीचा त्रास होईल म्हणून आईला आणू नकोस, असे तू बजावले होतेस. मुलाचा स्टॉल आपल्याच गावात लागतो आणि आईने घरी बसायचे, हे तिला पटेना. तिने ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले. स्टॉलवरची शेंगा चटणी तिनेच कुटलेली होती. लोक ती खाताना तिला पाहायचे होते.

तुझी पाटी मी दुरून वाचली: ‘इनामदारी चव’. आईला अक्षरे लागत नाहीत, हे त्या क्षणी बरे वाटले. पण तुझ्या हातात माइक होता. डोक्याला फेटा बांधून तू सांगत होतास की ही चटणी आमच्या पणजीच्या वाड्यातली आहे. आपल्या पणजीला वाड्याच्या उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, दिपक. उखळ म्हणशील तर ते मिलिंदनगरात, माझ्या स्वयंपाकघरात आहे.

एक शास्त्रीय चूकही दुरुस्त करते. चटणीला तेल कुठून सुटते, असे एका बाईंनी विचारले, तेव्हा वरून घाण्याचे तेल सोडतो, असे तू ठोकून दिलेस. वरून काहीही सोडत नाहीत. मिक्सरची पाती भाजलेला दाणा कापतात. उखळात तो चेपला जातो, आणि त्या दाबाने, घर्षणाच्या उबेने त्याचे स्वतःचेच तेल बाहेर येते. त्यासाठी खांदा लागतो. तो खांदा तेव्हा तुझ्या रांगेत उभा होता.

आता राहिलेलेही लिहिते. आई पुढे आली आणि नेहमीसारखी म्हणाली, “जय भीम, बाळा.” तू ऐकलेस. तू आधी तिच्याकडे नाही, तिच्या मागच्या माणसांकडे पाहिलेस.

“राम राम मावशी. आधी टोकन घ्या.”

मी पुढे होणार तोच आईने माझा दंड धरला. तिने टोकन घेतले, पुन्हा रांगेत उभी राहिली, स्वतः कुटलेली चटणी तुझ्या हातून द्रोणात घेतली. शेजारचे एक गृहस्थ तिला म्हणाले, “इनामदारांच्या घरची चव न्यारीच की, आजी.”

ती म्हणाली, “व्हय.”

रिक्षात एवढेच बोलली की तू कामात होतास, गिऱ्हाईक फार होते.

आणि तू कालच्या फोनवर काय सांगितलेस? लोक नाव वाचून बरणी उचलतात, ताई, तुला धंदा कळत नाही. पुण्याच्या महोत्सवासाठी चटणी धाड, आईला मात्र आणू नकोस. धंदा कळत नाही, मान्य. भीती कळते. पुढे आलेला हात आडनाव ऐकून मागे गेलेला मीही पाहिला आहे. नुसती पाटी बदलली असतीस तर आपण भांडलो असतो आणि जेवायला बसलो असतो. तू आईला गिऱ्हाईक केलेस.

आता उखळाला हात लावायचा नाही, असे मी तिला स्पष्ट सांगितले. तिने माझेही ऐकले नाही. आज सकाळी दाणे भाजले, पाय लांब करून बसली आणि कुटू लागली. मी संतापाने कॉलेजला निघून गेले. परतले तेव्हा ओट्यावर एकच लहान डबा होता.

“त्याला खायाला धाड,” ती म्हणाली. “इकायला न्हाय.”

डबा या पत्रासोबत आहे. माझ्या मते तोही पाठवायला नको होता. परत द्यायला यायचे असेल, तर गल्लीत उभा राहून, सगळ्यांदेखत, तिला आई म्हणून हाक मार. तेवढे जमणार नसेल, तर डबा ठेवून घे.

नागूबाईंची मुलगी,
धम्मप्रिया