वाळ्याचं अत्तर

प्रिय संध्याताई,

जय भीम. येत्या रविवारच्या माझ्या सत्काराच्या बॅनरचा फोटो मिळाला. माझं तोंड रॉकेटपेक्षा मोठं केलंत. त्याबद्दल लिहितोच, पण आधी मळमळ बाहेर काढू दे.

तू नेहमी विचारतेस, "काहून रे, तू तिथं नेमकं करून काय राहिला?" अंतराळयानातली माणसं उकडू नयेत, गारठू नयेत, एवढंच माझं काम. तिथे खिडकी उघडता येत नाही. माणसांचा घाम, श्वासातली वाफ एका थंड पत्र्यावर धरायची आणि पाणी शोषून घ्यायचं. पण अंतराळात पाणी गळत नाही, पत्र्यालाच चिकटून बसतं. गेल्या महिन्यात चौघांना नमुन्याच्या केबिनमध्ये ठेवून चाचणी घेतली. नंतर मी त्या पत्र्यावरचं झाकण उघडलं. ताई, शेंबडासारखा काळपट थर! आणि वास ओळखीचा. जुन्या शहरातल्या आपल्या घरच्या कूलरच्या टाकीचा.

आठवतं? नळ आठवड्याने यायचा, म्हणून टाकीतलं पाणी कुणी फेकत नसे. देवीदासमामा अमरावतीहून वाळ्याचं अत्तर आणून त्यात ओतायचे. "पाणी कायले फेकता? आता पाहा, कसा मस्त वास येते!" आपण खूश. त्याच उन्हाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी सगळ्यात आधी कूलरच पाहायला सांगितलं; साचलेल्या पाण्यातले जंतू वाऱ्याबरोबर छातीत जातात म्हणाले. तिचा खोकला तू अजून रोज ऐकतेस.

मी म्हटलं, पत्र्याचा लेप बदलू, तो वरचेवर वाळवायची सोय करू. त्यात उड्डाण लांबलं असतं. आमच्या साहेबांनी पत्र्यापुढे कोळशाची जाळी बसवली, नाक लावून हुंगलं आणि म्हणाले, "वास गेला, विषय संपला." कोळसा वास धरतो, जंतू नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी माना डोलल्या, टाळ्या झाल्या, केक कापला. मला त्या केकची शिसारी आली. त्या थरापेक्षा जास्त.

'सुरक्षित' म्हणून सही माझी हवी होती. मी केली नाही. थर खरवडून डबीत भरला आणि सुरक्षा समितीकडे पाठवला. आता उड्डाण अडलंय, आणि काल मला घरी बसवलं. म्हणून हे पत्र. बॅनर उतरव. आईला मीच सांगेन. मामा चिडतील, चार माणसांत नाक कापलं म्हणतील. त्यांना एवढंच सांग, प्रीतमला तिथं अत्तर ओतायला सांगितलं होतं. ते समजतील.

तुझाच,
प्रीतम