बेसनाचा डबा मी नेलाय

विभा,

तुम्ही तिघीही झोपेत आहात आणि ड्रायव्हर खालून यल्ला यल्ला करत घाई करतोय, म्हणून लिहून ठेवतोय. खरं तर तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

रेवाच्या कपाळावर लव आली ती माझ्या केस उगवायच्या औषधाने. परवा डोक्याच्या खाजेसाठी डॉक्टरकडे गेलो, तर त्यांनी आधी हेच विचारलं, "घरात बाळ आहे का?" खांद्यावर घेतली की ती माझ्या डोक्याला कपाळ टेकूनच झोपते. औषध तिच्या कातडीला लागत होतं.

बाटली त्याच दिवशी फेकली. माझी खाज कमी होतेय, तिची लवही हळूहळू आपोआप जाईल असं डॉक्टर म्हणाले. बुधवारी लहान मुलांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तोवर मी हफ्र अल बातिनच्या साइटवरून परत येतो.

पण काल आईने लव काढायला पुन्हा बेसनाचा गोळा चोळला, रेवाचं कपाळ लालभडक झालं, तू ओरडलीस, आई तुझ्या माहेरावर घसरली, आणि सगळं माहीत असून मी मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलो.

कपाळाला आता काहीही चोळू नका. माझी उशी तिच्यापासून लांब ठेव, अभ्रा धुवायला टाकलाय.

आईने बेसन मागितलं तर संपलं म्हण. डबा मी साइटवर घेऊन चाललोय.

नको, माझ्यासाठी तू खोटं कशाला बोलायचं? ही चिठ्ठी तिच्याच हातात दे.

आई, ती लव विभाच्या माहेरची नाही. आपल्या घरच्या टकलाची आहे.

इंद्रनील