एक ल्या, दोन्ही नका

६ जानेवारी
पोचले एकदाची. शिरपूरहून एसटीने फाट्यापर्यंत, पुढे वनमजूर निंबाभाऊंच्या मोटरसायकलवर, मांडीवर ट्रंक घेऊन. चौकी छान आहे. दोन कौलारू खोल्या, समोर साग. वनरक्षक झाल्यापासून बंदूक मिळालेली ही माझी पहिलीच जागा. बारा बोअर खांद्याला लावून फोटो काढला आणि किरणला धुळ्याला पाठवलासुद्धा. नवरा शाळेत मास्तर आहे माझा. चारुलताबाई, आता तुमच्याशी भांडताना जपून बोलावं लागेल, असं त्याचं उत्तर. शहाणाच आहे.

चौथा महिना संपत आलाय हे त्याला, डॉक्टरीणबाईंना आणि मला, तिघांनाच ठाऊक. ऑफिसात कळलं तर उद्याच टेबलावर बसवतील. गणवेश सैल आहे तोवर निभेल.

७ जानेवारी
वनपाल लीलाधर नानांनी आज पेटी उघडून दिली. काडतुसांचे दोन जुने चामडी पट्टे निघाले. एक छातीवरून तिरका जाणारा, एक कमरेचा. सोयीचा वाटेल तो घे, म्हणाले. मी अर्धा तास दोन्ही अंगाला लावून बघत बसले. छातीच्या पट्ट्यातलं काडतूस चटकन हाताला लागतं, कंबर मोकळी राहते, पण बंदूक खांद्याला घेताना दस्ता त्याच्यात अडतो. कमरेच्या पट्ट्याने छाती मोकळी, चढणीला दम लागत नाही, पण पोटावर तो किती दिवस बसणार? साडी घ्यायला गेले तरी माझं असंच होतं. शेवटी रजिस्टरात दोन्हींपुढे सही ठोकली.

निंबाभाऊ दारातून म्हणाले, "ताई, एक ल्या. दोन्ही नका लेवू." मी रावेरची, त्यांची अहिराणी मला अर्धीमुर्धीच कळते. लेवू म्हणजे अंगावर लेवू, दोन्ही एकदम घालू नका, असं सांगत असतील. एकदम दोन्ही घालायला मी काय बावळट आहे?

११ जानेवारी
पाळी लावलीय. एक दिवस छातीचा, एक दिवस कमरेचा. दोन्हींना तेल लावलं, बक्कलं घासली. बक्कलाकडून मोजलं तर दोन्ही पट्टे मला सहाव्या भोकाला बरोब्बर बसतात. आज गस्तीवर आठ किलोमीटर चालले. तोडलेला एकच साग सापडला, तोही जुना. पारोळ्याची झुंबरबाई डबा देते, तिच्या वांग्याच्या भरिताला आमच्या रावेरची सर नाही, पण भूक इतकी लागते की बोटं चाटून खाते.

१५ जानेवारी
छातीचा पट्टा पाचव्या भोकावर होता, एक भोक घट्ट. माझ्याकडूनच चुकून लावला गेला असेल म्हणून सहाव्यावर घेतला. दुपारी पाणी प्यायला बसले तर पुन्हा पाचव्यावर. काल घातला तेव्हा कमरेचाही तसाच. चामडं आटतं उन्हात, नाना म्हणाले. चामडं आटेल हो, बक्कल कसं सरकेल?

१९ जानेवारी
दोन्ही चौथ्यावर. मागे सरकवले तर सरकत नाहीत. अंगावरून काढले तरी वळ राहतात, छातीवर एक, पोटावर एक. पोटावरचा बघवत नाही. मला भीती वाटायला लागलीय. किरणला अजून सांगितलं नाही.

दोन्ही पट्टे पेटीत टाकले, सही खोडली, रजा टाकून धुळ्याला निघाले.

२१ जानेवारी. धुळे
पट्टे तिकडे पेटीत आहेत आणि इथे दोन्ही वळ खोल होताहेत. एकदम. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतकं घट्ट काय घालता? बाळाचे ठोके आहेत, पण पोटाची वाढ थांबल्यासारखी दिसते. मी विचारलं, आत्ता बाहेर काढलं तर जगेल का. अजून आठ आठवडे तरी पोटात राहायला हवं, म्हणाल्या.

चौकीत असताना जो पट्टा घातला तोच आवळायचा, दुसरा आहे तिथेच राहायचा. इथे दोन्ही आवळतात. म्हणून परत जाते, एकच घालायला. किरण चिडला, मी खोटं बोलले, कामाचं कारण सांगितलं.

२२ जानेवारी
निंबाभाऊंना वळ दाखवला, खांद्यावरून शर्ट जरा ओढून, फक्त छातीचा. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. अहिराणीत लेणं म्हणजे घेणं. दोन्ही घेऊ नका म्हणाले होते ते. एक घेतला की दुसरा पेटीत पडून राहतो, दोन्ही गप्प असतात. दोन्ही एकाच माणसाच्या सहीने बाहेर आले की दोघांनाही एकेक माणूस लागतं. ठेवून दिले तरी लागतं. आधीच्या एका गार्डाने दोन्ही घेतले, तेव्हा त्याचा भाऊ पाहुणा आलेला होता. दोघेही गेले.

मग निंबाभाऊ मला धीर द्यायला लागले. ताई, तुम्ही तर एकट्याच शेतस (आहात), दुसऱ्याला माणूस मिळणारच नाही.

मला त्यांना सांगता आलं नाही.

२४ जानेवारी
कमरेचा पट्टा जमिनीवर टाकून कोयत्याने कापून पाहिला. चामड्यावर चरा नाही. घाव इकडे माझ्या पोटावर उमटला, रक्त दिसलं थोडं. पुन्हा नाही करणार.

आता छातीचाच घालते. दिवसभर. झोपतानाही. कमरेचा पेटीत आहे तोवर पोटावरचा वळ फिका होतो, बघितलं मी नीट.

म्हणजे छातीच्या पट्ट्याला मीच ना, कमरेच्याला बाळ. मग मीच.

२६ जानेवारी
तिसऱ्या भोकावर. जिना नाही, चढ नाही, तरी धाप लागते. किरणला सगळं लिहून पाठवलं. निघतो म्हणाला.

बाळ हललं. पहिल्यांदा. आतून बोट फिरवल्यासारखं. मी रडले खूप.

आठ आठवडे. भोकं तीन. हिशेब बसत नाही —

२७ जानेवारी
दुसरं. बोलता येत नाही, लिहिता येतं. निंबाभाऊ बक्कल ओढताहेत. नाना गाडी आणायला गेले. बाळ हलतंय — चांगलं हलतंय —

मी गेले तर ते कसं — हे मला आधी का नाही —

दुपार
पहिलं. शेवटचं. याच्यापुढे चामडंच आहे, भोक नाही. इथे थांबेल. थांबायलाच हवं. किरणने शिरपूर सोडलं. थोडा थोडा श्वास घेतला की पुर

पुढे नवीन भोक पडलंय. मी नाही पाडलं. हळू घ्यायचा. बाळा, हळू घे, मीही हळू घे